शास्त्रज्ञ बांधावर सांगतात, कागदावर का देत नाहीत?

रावेरचा_बागायतदार

रामराम मंडळी. विषय केळीवरून निघालाय, पण तो केळीपुरता नाही. म्हणून शेती विभागात न टाकता इथे टाकतोय.

आमच्या मृगबागेत (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीत) पानांवर पिवळे पट्टे दिसायला लागले. घरातल्या जुन्या माणसांनी बघताक्षणी 'हरण्या' म्हटलं. जवळच्या एका सरकारी केंद्रातले शास्त्रज्ञ बोलावल्यावर लगेच आले, त्याबद्दल तक्रार नाही. त्यांनी पोंगा फाकवून बघितला, पान उलटं करून मावा, म्हणजे हा रोग पसरवणारी कीड, शोधला, शेजारच्या काकडीच्या वेलांकडे बोट दाखवलं. मग मला बांधावर बाजूला घेऊन म्हणाले, "दादा, सीएमव्ही आहे, कुकुंबर मोझॅक व्हायरस. याला औषध नाही. रोगट झाडं उपटा आणि गाडा, वाट बघू नका. आणि एक सांगतो, एकाच लॉटची रोपं लावलेल्या बऱ्याच बागांत मला हे दिसतंय."

मी म्हटलं, साहेब, एवढंच दोन ओळींत लिहून द्या. ते म्हणाले, लेखी द्यायचं तर वरून परवानगी लागते. पेपरवाल्याचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर त्याला म्हणाले, माझं नाव छापू नका. बातमी आली ती "जाणकारांच्या मते" अशी. जाणकार कोण? त्यांनी काय तपासलं, किती बागा बघितल्या? काहीच नाही.

माणूस चांगला आहे, अभ्यासू आहे. पण त्याचं तोंडी ज्ञान घेऊन मी रोपं विकणाऱ्याकडे गेलो तर तो विचारतो, रिपोर्ट आहे का? बँकेत गेलो तर तेच. शेजारी म्हणतो, तुला कोण म्हटलं उपटायला?

सरकारी नोकराने सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करू नये, एवढं मला समजतं. पण झाडावरचा विषाणू हे कुठल्याच सरकारचं धोरण नाही. मग नियम नेमका काय म्हणतो? आणि नियम नसेल तर हे साहेब घाबरतात कशाला? ज्यांना माहीत आहे त्यांनी नीट सांगा.

राहुरी_ते_जळगाव

तुमची तळमळ समजली. कृषी विद्यापीठात नोकरी करून निवृत्त झालोय, त्यामुळे आतली बाजू सांगतो.

दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. एक म्हणजे शिफारस. शास्त्रज्ञाला प्लॉटवर काही सापडलं म्हणून तो उद्या शेतकऱ्यांना 'हे करा' असं छापून सांगू शकत नाही. काही हंगाम प्रयोग, मग विद्यापीठाच्या पातळीवर छाननी, मग विद्यापीठांची संयुक्त संशोधन समिती, म्हणजे जॉइंट अ‍ॅग्रेस्को. तिथे राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशा चारही विद्यापीठांची माणसं बसतात आणि आकडे अक्षरशः फाडून बघतात. एखाद्याची तीन वर्षांची मेहनत 'अजून एक वर्ष घ्या' म्हणून परत जाते. ते पास झालं की शिफारस होते, मग ती विद्यापीठाच्या कृषी दर्शनी या वार्षिक पुस्तिकेत येते. कीडनाशकाचं असेल तर लेबल क्लेम पाहिजे, त्या पिकावर त्या किडीसाठी नोंदणी नसेल तर नाव घ्यायचं नाही. ही शिस्त मला मान्य आहे. एका चुकीच्या शिफारशीने हजारो एकरांचं नुकसान होतं आणि ते शास्त्रज्ञाच्या खिशातून जात नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे निरीक्षण. 'या तारखेला या गटातल्या बागेत ही लक्षणं दिसली, नमुना घेतला, तपासणीत सीएमव्ही आढळला.' याला अ‍ॅग्रेस्को लागत नाही. लागू नये. पण आमच्याकडे सवय अशी पडली की निरीक्षणसुद्धा शिफारशीच्याच रांगेत उभं राहतं. पेपर पाठवायचा तरी आधी वरिष्ठांची सही. आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) संस्थांत पीएमई सेल, म्हणजे संशोधनावर देखरेख ठेवणारा कक्ष, असतो, तिथे लेखाला नोंद क्रमांक पडतो, मग तो जर्नलकडे जातो. ते चालतं, कारण जर्नलला सहा महिने थांबता येतं. तुमची बाग सहा महिने थांबत नाही.

आणि भीतीचं विचाराल तर नकार कधी लेखी येत नाही. फाईल वर जाते. "साहेब दौऱ्यावर आहेत." "जरा थांबा, चर्चा करू." कोणी 'नाही' म्हणत नाही, त्यामुळे अपील कशाविरुद्ध करायचं हेच कळत नाही. माणूस दोनदा हा अनुभव घेतो आणि तिसऱ्यांदा विचारतच नाही.

धुळे_कोर्ट

राहुरीच्या नानांनी आतली बाजू सांगितली, मी कायद्याची सांगतो. थोडं लांबेल.

केंद्राच्या कर्मचाऱ्यांना १९६४चे केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम लागू आहेत. आयसीएआर कागदोपत्री सोसायटी असली तरी तिथेही हेच नियम चालतात. राज्यात महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आहेत, ते बरेचसे त्याच धर्तीवर. विद्यापीठांचा स्वतंत्र कायदा १९८३चा आणि परिनियम १९९०चे.

केंद्राच्या नियमांतले तीन महत्त्वाचे. नियम ८ वृत्तपत्रं आणि माध्यमांबद्दल. या नियमाच्या पूर्वीच्या रूपात पुस्तक, लेख, आकाशवाणी यासाठी परवानगी लागायची, पण निव्वळ वाङ्मयीन, कलात्मक किंवा वैज्ञानिक स्वरूपाचं लिखाण त्यातून स्पष्ट वगळलेलं होतं. आताचा भर यावर आहे की मत माझं वैयक्तिक आहे, शासनाचं नाही, हे सांगा. म्हणजे विज्ञानासाठी दार पहिल्यापासून उघडं होतं.

नियम ९ शासनावरील टीकेचा. केंद्र किंवा राज्य सरकारच्या चालू वा अलीकडच्या धोरणावर किंवा कृतीवर प्रतिकूल टीका होईल असं विधान करायचं नाही. इथे मेख आहे. त्यात 'मत' तर आहेच, 'वस्तुस्थितीचं विधान'ही आहे. म्हणजे खरं असलं तरी त्याचा परिणाम टीकेसारखा झाला तर नियम लागू शकतो. केळीला विषाणू आहे हे धोरण नाही. पण 'रोपांच्या तपासणीची व्यवस्था तोकडी पडली' असं म्हटलं की झाली कृतीवर टीका. शास्त्रज्ञाला ही रेघ कुठे आहे ते कळत नाही, म्हणून तो तिच्यापासून शंभर पावलं अलीकडे थांबतो.

मात्र त्याच नियमात अपवाद आहे: पदाच्या नात्याने, कर्तव्य बजावताना केलेल्या विधानाला हा नियम लागत नाही. बागायतदार दादा, हे लक्षात ठेवा, तुमचं काम यातूनच होणार आहे.

नियम ११ शासकीय माहिती देण्याबद्दल. माहिती अधिकार आल्यावर त्याचा सूर बदलला. माहिती अधिकार कायद्याचं कलम २२ तर १९२३च्या गोपनीयता कायद्यालाही मागे सारतं.

आणि घटना. १९६२ साली कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सरकारी नोकरीत शिरताना माणूस मूलभूत हक्क दाराबाहेर ठेवून येत नाही. २०२० मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयाने समाजमाध्यमावरच्या एका पोस्टच्या प्रकरणात तेच पुन्हा सांगितलं. बंधनं घालता येतात, पण ती अनुच्छेद १९(२) मध्ये, म्हणजे बोलण्याच्या स्वातंत्र्यावर घटनेने मान्य केलेल्या बंधनांत, बसली पाहिजेत.

केळी_फड

मी व्यापारी आहे, माझं बोलणं काहींना आवडणार नाही. बंधन पाहिजेच. एका शास्त्रज्ञाने 'रावेर-यावलच्या केळीवर व्हायरस' असं टीव्हीवर म्हटलं की दिल्लीचा, पंजाबचा व्यापारी भाव पाडायला मोकळा. माणसाला त्या विषाणूने काही होत नाही हे त्याला कोण समजावणार? बऱ्हाणपूरच्या केळीबाजारातला भाव संध्याकाळपर्यंत खाली. ज्याच्या बागेत रोग नाही तोही मरतो. जबाबदार माणसानेच, एकाच ठिकाणाहून बोललं पाहिजे.

नवापूर_पोल्ट्री

भाऊ, तुमनं म्हननं अर्धं खरं शे. उरलेलं अर्धं आम्ही भोगलंय.

फेब्रुवारी २००६. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आमच्या नवापुरात. १८ तारखेला सरकारने जाहीर केलं, भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर. पण कोंबड्या काही १८ तारखेला मरायला लागल्या नव्हत्या. आधीपासून शेडमध्ये मरतूक चालू होती आणि राणीखेत, म्हणजे कोंबड्यांचा नेहमीचा रोग, म्हणून सगळे बघत होते. राणीखेत आमच्या धंद्यात नवीन नाही. सकाळी शेडचं दार उघडलं की आदल्या दिवशी चरणारे पक्षी माना टाकून पडलेले, तुरे निळे पडलेले. बाहेरचं कोणी काही बोलत नव्हतं, म्हणून आत जाणारी माणसं साध्या कपड्यांत, उघड्या हातांनी जात होती. हे मला आजही टोचतं. भावाचं नुकसान भरून निघतं, पण त्या दिवसांत एखाद्या मजुराला काही झालं असतं तर?

जाहीर झाल्यावर लाखो पक्षी मारून खड्ड्यांत पुरले. भाव पडले, देशभर पडले. पण ते जाहीर केल्यामुळे पडले असं मी मानत नाही. लोकांना आधी काहीच माहीत नव्हतं आणि एका रात्रीत सगळं कळलं, म्हणून घबराट झाली. २०२१ मध्ये पुन्हा नवापुरात आला, तेव्हा निदान काय करायचं हे माहीत होतं.

निदान एकाच प्रयोगशाळेने करावं हे मला पटतं. चुकीचं निदान परवडत नाही. पण 'संशय आहे, नमुना पाठवलाय, तोवर हातमोजे घाला' एवढं जिल्ह्यातल्या पशुवैद्यकाला उघड सांगता आलं पाहिजे. त्यासाठी भोपाळची वाट बघायची गरज नाही.

केळी_फड

दादा, मजुरांचं तुम्ही म्हणता ते डोक्यात नव्हतं माझ्या. नमुना पाठवलाय हे सांगायला माझी हरकत नाही. पण सांगताना गाव-गट धरून सांगा, पूर्ण तालुक्याचं नाव घेऊ नका.

बातमीदार_खान्देश

मी 'जाणकारांच्या मते' असं लिहिणाऱ्यांपैकीच. नाव छापलं तर माणूस पुन्हा फोन उचलत नाही. आणि निनावी छापलं की वाचकाला ते तपासता येत नाही.

हे फक्त आपल्याकडे नाही. जोशीमठ आठवा. जानेवारी २०२३. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने उपग्रहाच्या आधारे सांगितलं की २७ डिसेंबर ते ८ जानेवारी या काळात जमीन ५.४ सेंटीमीटर खचली. त्यानंतर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने संस्थांना पत्र पाठवलं, माध्यमांशी बोलू नका, आकडे समाजमाध्यमांवर टाकू नका. अहवाल संकेतस्थळावरून गेला. ज्यांच्या भिंतींना तडे गेले होते त्यांना हा आकडा सगळ्यांत आधी हवा होता. पुढे संस्थांचे अहवाल बाहेर आले ते उच्च न्यायालयाने विचारणा केल्यावर.

वायनाडला ३० जुलै २०२४ रोजी दरड कोसळली. १ ऑगस्टला केरळच्या मदत आयुक्तांचा आदेश निघाला, वैज्ञानिक संस्थांनी तिथे जाऊ नये, मतं आणि अहवाल माध्यमांना देऊ नयेत. बोंब झाली आणि मुख्यमंत्र्यांनी त्याच दिवशी तो मागे घ्यायला लावला. एकीकडे केंद्र, दुसरीकडे विरोधी पक्षाचं राज्य. पक्ष कुठलाही असो, पहिली हालचाल तोंड बंद करण्याचीच असते.

शेतीतलं बघा. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये जीएम (जनुकीय बदल केलेल्या) मोहरीला मोकळ्या शेतातल्या लागवडीची मंजुरी मिळाली. प्रकरण कोर्टात असताना आयसीएआरने आजी-माजी अधिकाऱ्यांना कळवलं की यावर मत मांडू नका, लेख लिहू नका. माजीसुद्धा! ज्यांनी आयुष्य मोहरीवर घालवलं त्यांनी बोलायचं नाही, मग बोलायचं कोणी? जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचंही त्या मंजुरीवर एकमत झालं नाही. एवढा अवघड प्रश्न आहे, तर जाणत्यांनी जास्त बोलायला हवं. आपण २००२ पासून बीटी कापूस लावतोय, गुलाबी बोंडअळीने काय केलं ते खान्देशात कोणाला सांगायला नको. अळी प्रतिकारक होतेय हे जितकं लवकर आणि जितक्या मोठ्याने सांगितलं जाईल तितके फवारे वाचतात.

सातपुडा_पायथा

मी सध्या एका केंद्रात कंत्राटावर आहे. कुठल्या ते सांगत नाही. आमच्याकडे जुलै २०२५चा शासन निर्णय सगळ्यांना वाचून दाखवला, समाजमाध्यमांवर शासनाच्या धोरणावर टीका करायची नाही. कंत्राटी असो की कायम, सगळ्यांना लागू. तेव्हापासून आमच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मी मावा आणि चिकट सापळ्याचे फोटोसुद्धा टाकताना दोनदा विचार करते. त्यात धोरण काही नाही, हे मलाही कळतं. पण अकरा महिन्यांची ऑर्डर असलेल्या माणसाला कारवाईची गरजच नसते, ऑर्डर पुढे वाढली नाही की संपलं. कायमच्या माणसाला निदान नोटीस येते, चौकशी होते. आमच्यासारख्यांचा विचार कुठल्या नियमात आहे?

धुळे_कोर्ट

ताई, आधी काळजीपोटी एक सांगतो. नियम ९ मध्ये टोपणनावाने आणि निनावी केलेलं लिखाणही धरलंय. त्यामुळे इथे तुमच्या केंद्राची ओळख पटेल असं काही लिहू नका. वरच्या प्रतिसादात तसं काही नाही, तेवढंच ठेवा.

प्रश्न बिनतोड आहे. कंत्राटी माणसाला बोलण्याचा हक्क आहे, पण तो वापरल्याची शिक्षा कागदावर कुठे दिसतच नाही. फोटो टाकायला अडचण नाही, ते तुमचं विस्ताराचंच, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत माहिती पोचवण्याचंच, काम आहे. केंद्रप्रमुखांकडून एकदा ठरवून घ्या की पीक संरक्षण सल्ला गटावर टाकणं हे नेमून दिलेलं काम आहे. बैठकीच्या इतिवृत्तात एक ओळ आली तरी पुरे.

अनेरकाठ

कॅनडाचं उदाहरण देते, कारण ते माशांचं आहे आणि आपल्या केळीशी जुळतं. तिथे सरकारी शास्त्रज्ञ क्रिस्टी मिलर यांनी सॅल्मन मासे का मरतात यावर संशोधन केलं, २०११ मध्ये ते 'सायन्स'मध्ये छापून आलं. छापायला परवानगी होती, पण पत्रकारांशी बोलायला नाही. म्हणजे इंग्रजी जर्नल वाचणाऱ्याला कळलं, मासेमाऱ्याला त्यांच्या तोंडून ऐकता आलं नाही. २०१५ मध्ये सरकार बदललं आणि पुढे शास्त्रज्ञांच्या संघटनेने आपल्या सेवा करारातच लिहून घेतलं की आपल्या संशोधनाबद्दल पूर्वपरवानगीशिवाय बोलता येईल, फक्त आपण शासनाच्या वतीने बोलतोय असं भासवायचं नाही.

मला त्यातली संघटनेची गोष्ट महत्त्वाची वाटते. एकटा शास्त्रज्ञ हिंमत करील याची वाट आपण का बघायची? त्याचं घर पगारावर चालतं. आपल्याकडे विद्यापीठांच्या शिक्षक-शास्त्रज्ञांच्या संघटना वेतन आयोगावर आंदोलनं करतात आणि ते योग्यच आहे. त्यांच्या मागण्यांत ही एक मागणी का नसते?

राहुरी_ते_जळगाव

ताई, खरंय. आमच्या काळात हा विषय संघटनेत कधी निघाला नाही. आम्ही बोलण्याचा हक्क हा स्वतःच्या सोयीचा प्रश्न समजत होतो, शेतकऱ्याचा समजलाच नाही.

एक चांगलं उदाहरण घरातलंच देतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर असं वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. ते आकडे बाहेर येतात. रावेर-यावलमधल्या उपशाची नोंद त्यातूनच झाली आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पुनर्भरणाची चर्चा त्यावरच उभी राहिली. आकडे सरकारला गैरसोयीचे असतात, तरी येतात, कारण वेळापत्रक ठरलेलं आहे. कोणाच्या धाडसाचा प्रश्न येत नाही. रोग-किडीच्या सर्वेक्षणाचं असंच करावं. ठरल्या दिवशी गावनिहाय नोंद लावायची. मग 'साहेब दौऱ्यावर आहेत' याला जागाच उरत नाही.

रावेरचा_बागायतदार

सगळ्यांचे आभार. एवढं नीट मला कोणी सांगितलं नव्हतं.

मला आता जे वाटतं ते लिहितो. शास्त्रज्ञाने सरकारविरुद्ध भाषण करावं अशी आमची मागणी नाही. त्याने माझ्या शेतात येऊन, माझ्या झाडाचा नमुना घेऊन जे शोधलं ते मला त्याच्या सहीने मिळावं. त्याचा पगार आणि ती प्रयोगशाळा माझ्याही पैशातून चालते. परवानगी लागत असेल तर तिला दिवस ठरवून द्या, सात म्हणा, दहा म्हणा. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरा. नकार द्यायचा असेल तर कारणासहित लेखी द्या, सही कोणाची ते दिसू द्या. आज नकार देणाऱ्याचं नाव कुठेच येत नाही आणि गप्प बसणाऱ्याचं नाव मात्र गावभर होतं, 'त्यांना विचारून काही उपयोग नाही' म्हणून. त्या साहेबांबद्दल गावात आता असंच बोलतात. मला ते सहन होत नाही, कारण बांधावर त्यांनी खरं तेच सांगितलं होतं.

झाडं मी उपटली. शेजाऱ्याने नाही उपटली, त्याच्याकडे कागद नव्हता ना. आता त्याच्या बागेतून मावा पुन्हा माझ्याकडे येतोय.

वकीलसाहेब, ते 'पदाच्या नात्याने' म्हणालात त्याचं पुढे सांगा.

धुळे_कोर्ट

तालुक्याला तक्रार निवारण समिती असते, तिच्यात कृषी अधिकाऱ्यांबरोबर विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्राचा शास्त्रज्ञही असतो. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. रोपांची पावती आणि लॉट क्रमांक जोडा. समिती बागेत येऊन पंचनामा करते आणि त्यावर शास्त्रज्ञाची सही लागते. तिथे तो पदाच्या नात्याने मत देतो, त्याला वेगळी परवानगी मागावी लागत नाही. तुमचे साहेब बांधावर जे बोलले ते त्यांना तिथे निर्धास्त लिहिता येईल. उपटलेल्या झाडांचे फोटो असतील तर जपून ठेवा. शेजाऱ्यालाही अर्ज करायला सांगा, त्याच्या बागेत झाडं अजून उभी आहेत, नमुना तिथून मिळेल. ग्राहक आयोगात जायचं असेल तर २०१२चा राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. सदोष बियाण्यासाठी शेतकरी ग्राहक म्हणून दाद मागू शकतो असं त्यात ठरलंय. रोपांच्या बाबतीत वकील त्याचा आधार घेऊ शकतो.

रावेरचा_बागायतदार

आणि आधी जो नमुना नेला होता त्याचा रिपोर्ट?

धुळे_कोर्ट

तो माहिती अधिकारात मागा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. कायद्यातल्या 'माहिती'त अहवाल, अभिप्राय आणि नमुनेही येतात, त्यामुळे चाचणी झाली असेल तर तिची प्रत नाकारायला फारसा आधार नाही. रोपं पुरवणाऱ्याचं नाव त्यात असेल तर ते त्याला त्रयस्थ पक्ष म्हणून नोटीस काढतील, थोडे दिवस जास्त लागतील, घाबरू नका. 'लेखी का दिलं नाही' असा प्रश्न अर्जात विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. नमुना घेतल्याची तारीख, गट क्रमांक लिहा आणि 'तपासणी अहवालाची व त्या फाईलवरील टिपणीची छायांकित प्रत' एवढंच मागा. टिपणी मागायला विसरू नका, फाईल कोणाच्या टेबलावर थांबली ते त्यातच दिसतं.